कान छाटलेला कळप

आधीच सांगून टाकते, मला कुणाला माफ करता येत नाही. लोक म्हणतात, नर्मदाबाई, वय झालं, सोडून द्या आता. कामून सोडू? अन् माझ्यापेक्षाही पक्की अशी एकच बाई मी आयुष्यात बघितली, ती आमच्या दफ्तरातली कासाबाई. तिची गोष्ट सांगते, पण ऐकताना "बिचारी" म्हणायचं नाही. तिला तो शब्द बिलकुल चालायचा नाही.

परभणीत एका खाजगी पशुधन माहिती केंद्रात मी टायपिस्ट होते. कुठल्या गावात किती जनावरं, कुठं कसला रोग आला, कुणाच्या कळपाला लस टोचली, ही माहिती जमवायचं काम. कासाबाई देवगाव फाट्याकडची. बाप येडबा मेंढरं राखायचा, वर्षातले आठ महिने कळपामागं रानोमाळ. लेकीला मात्र त्यानं चुलतीकडं ठेवून शिकवलं. दहावी झाली, टायपिंगच्या दोन परीक्षा झाल्या, अन् अठ्ठ्याऐंशी साली ती आमच्याकडं कंपूटरवर माहिती भरायला रोजंदारीवर लागली.

आमचे विभागप्रमुख दिनकरराव. देवानं या माणसाला एवढं मोठं कपाळ दिलं अन् आत काही ठेवायचं विसरून गेला. कंपूटरच्या खोलीला त्यांनी काच बसवून घेतली, दाराशी चपला काढायचा हुकूम लावला. कासाबाईला पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझं नुसत्या चपला काढून भागायचं नाही. हातपाय धुऊन येत जा. मेंढरांचा वास मशीनला मानवत नाही."

सगळे हसले. मी हसले नाही, पण तोंडही उघडलं नाही, खोटं कशाला बोलू. कासाबाई मोरीवर गेली, हातपाय धुतले, पदराला पुसले अन् येऊन खुर्चीवर बसली. पुढं मशीन बदललं, पण तो हुकूम काही बदलला नाही. सहा वर्षं रोज सकाळी ती ओल्या पायांनी त्या खोलीत शिरायची. दिनकररावांनी तिला नावानं कधी हाक मारली नाही. "ए मेंढके" म्हणायचे, अन् ती "व्हय साहेब" म्हणायची.

मजा अशी, की दिनकररावांना स्वतःला कंपूटर येतच नव्हता. मशीनमध्ये शिरायला आधी आपलं नाव टाकावं लागायचं. चुकून कधी बसलेच तर आधी मोठ्या अक्षरांचं बटण दाबून ठेवायचे. साहेबाचं नाव मोठ्याच अक्षरांत पाहिजे, हे त्यांचं मत. मशीनला लहान अक्षर वेगळं अन् मोठं वेगळं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. कासाबाई फडकं घेऊन यायची, बटणं पुसल्यासारखं करून ते बटण गुपचूप परत दाबायची. मग साहेबांचं नाव चालायचं, अन् साहेब आमच्याकडं बघून मान हलवायचे.

विद्यापीठाचं नामांतर झालं त्या सालची गोष्ट. उन्हाळ्यात आमच्या केंद्राचे प्रमुख माणिकराव यांचा मुलगा पुण्याहून सुट्टीला आला, तो फ्लॉप्यांनी भरलेला खोका घेऊनच. लिनक्स म्हणून काही नवीन निघालंय, फुकट आहे, जुन्या मशीनवरही चालतं, म्हणला. दोन दिवसांत त्यानं ते बसवून दिलं, कासाबाईला वहीभर टिपणं लिहून दिली अन् गेला निघून.

त्यात मशीन सुरू केलं की आधी करड्या ठिपक्यांचा पडदा यायचा. डोळ्यांपुढं मुंग्या चालल्यागत वाटायचं. मधे एक चौकोन, त्यात इंग्रजीतून नाव विचारायचा, पासवर्ड विचारायचा. ते बरोबर दिलं तरच आत जाता यायचं.

"मावशी," कासाबाई मला म्हणली, "रोज ह्या दारातून आत जायचं, अन् दार हे असलं? आपण सणाला घराला पोतारा देतो का न्हाई?"

अन् लागली की कामाला! वहीत बघून बघून रंग बदलले. चौकोन काळ्या रानाच्या रंगाचा केला, अक्षरं ज्वारीच्या दाण्यासारखी पिवळट. मशीनला मराठी अक्षरं येत नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांतच लॉगिनच्या जागी "नाव" लिहिलं अन् पासवर्डच्या जागी "खूण". राहिला मागचा पडदा. मशीन अशक्त, मोठं चित्र दिलं की ते बसूनच राहायचं. पण लहानसं चित्र दिलं तर तेच शेजारी शेजारी मांडत मशीन सगळा पडदा भरून काढतं, असं वहीत लिहिलेलं होतं.

"मग तर सोपंच हाय," ती म्हणली. "मी एक मेंढरू देते. कळप मशीन करंल."

तीन आठवडे दुपारच्या सुट्टीत ती माझ्या टेबलावर आलेखाचा कागद घेऊन बसायची. चौसष्ट चौकोन आडवे, चौसष्ट उभे, त्यातला एकेक शिसपेन्सिलीनं काळा करायची. पहिल्यांदा शेळी झाली, मग पाय आखूड झाले. मी हसले की चिडायची, अन् खोडून पुन्हा सुरू. ज्या दिवशी ते मशीनमध्ये घातलं, त्या दिवशी पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत कळप उभा राहिला. मला भरून आलं, खरंच सांगते.

प्रत्येक मेंढराच्या डाव्या कानाला दोन काप होते अन् मधे एक बारीक भोक. मी विचारलं, हे काय गं? म्हणली, आमच्या बापाची खूण. त्यांच्याकडं दर घराची खूण वेगळी. मेंढरू विकलं तरी घेणारा जुन्या खुणेला हात लावत नाही, दुसऱ्या कानाला स्वतःची खूण करतो. कान मुळातून छाटतो तो फक्त चोर, कारण खूणच उरली नाही तर मेंढरू कुणाचं हे कसं कळणार? कान छाटलेलं मेंढरू दिसलं की तिकडं माणसं आधी काठी उचलतात अन् मग बोलतात.

दिवाळीनंतर दोन गोष्टी झाल्या. केंद्राला दहा वर्षं झाली म्हणून मेळावा ठरला, अन् कंपूटर चालवणाऱ्याची एक कायम जागा मंजूर झाली. एकच जागा. ती मिळाली तर कासाबाईचं पुढचं सगळं आयुष्य मार्गी लागत होतं. नाही मिळाली तर रोजंदारीही बंद, कारण कायमचा माणूस आल्यावर रोजंदारीचा कशाला? तिच्याशिवाय दुसरं कोण असणार, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

एके दिवशी दिनकररावांनी माझ्यापुढं एक टिपण टाकलं, टाइप करा म्हणाले. "स्वागताच्या पडद्याची कल्पना व रचना श्री. भुजंग यांनी केली असून सबब सदर पदासाठी त्यांची शिफारस करण्यात येते." भुजंग म्हणजे यांचा भाचा, पंधरा दिवसांपूर्वी मामाच्या मदतीला म्हणून आलेला. हे धडधडीत खोटं, मला ठाऊक होतं. तरी टाइप केलं, खाली कार्बन घालून. त्याची लाज मला अजून आहे. कासाबाईला मात्र त्याच संध्याकाळी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कासाबाईनं मशीन लावलं अन् मला हाक मारली. कळपाला कान नव्हते. मामा भाच्याला म्हणाले होते, ते डोक्याजवळ काहीतरी फाटकं-तुटकं दिसतंय, साफ कर. भाच्यानं दोन्ही कान पुसून टाकले. एका मेंढराचे पुसले अन् सगळ्या पडद्यावरचे गेले.

"चल माणिकरावांकडं," मी म्हणलं. "आत्ताच्या आत्ता चल."

"न्हाई मावशी. खोलीत सांगितलं की खोलीतच राहतंय. त्यांनी माझी इज्जत चार माणसांत काढली व्हती."

"मग ते कान तरी परत लाव."

"कामून लावू? चोरानं सोताच्या हातानं पुरावा करून ठेवलाय. राहू द्या तसंच." मग तिनं वही उघडली, मशीनमधल्या एका फायलीतली एक ओळ बदलली अन् वही मिटली. काय बदललं ते मला सांगितलं नाही. तिचा चेहरा इतका शांत होता की मलाच भीती वाटली.

मेळाव्याला झरीपासून सेलूपर्यंतची माणसं आली. पुढच्या रांगेत रायभान नावाचे म्हातारे मेंढपाळ बसले होते, सगळ्यांत मोठ्या कळपाला वेळेवर लस टोचून घेतली म्हणून त्यांचा सत्कार होता. मशीन उचलून व्यासपीठावर ठेवलेलं. दिनकररावांनी भाचा कसा हुशार, कसा कष्टाळू, हे अर्धा तास सांगितलं. कासाबाई भिंतीला टेकून हारांचं ताट धरून उभी होती.

"आता मी स्वतः आत प्रवेश करून दाखवतो," दिनकरराव म्हणाले अन् खुर्चीवर बसले. सवयीप्रमाणं आधी मोठ्या अक्षरांचं बटण दाबलं. त्याचा बारका हिरवा दिवा लागला. फडकं कासाबाईच्या खांद्यावरच होतं, ती जागची हलली नाही.

त्यांनी नाव टाकलं, खूण टाकली. चौकोनात एक ओळ उमटली. दिनकररावांचा चष्मा खिशात, त्यांना काही दिसेना. शेजारी माणिकराव माईकसमोर उभे होते. त्यांनी वाकून इंग्रजी अक्षरं जुळवली अन् मोठ्यानं वाचलं, "कान... कुणी... छाटला?"

चुकीचं नाव दिलं की मशीन इंग्रजीत जे वाक्य दाखवायचं, त्याच्या जागी कासाबाईनं हे घातलं होतं! दिनकररावांनी घाईनं पुन्हा टाकलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

रायभान उठले, व्यासपीठावर चढले अन् काचेला नाक लावून बघितलं. "आरं तिच्या मायला! एकालाबी कान न्हाई. समदा कळप छाटलाय की ओ! कुणाची मेंढरं चोरून आणली, साहेब?"

हशा असा उठला की बाहेरची माणसं आत पळत आली.

"ती... ती बिनकानाची जात आहे," दिनकरराव म्हणाले.

"मेंढरामागं हाडं झिजली माझी," रायभान म्हणाले. "अन् तुमी मला जात सांगायलाव व्हय?"

माणिकराव भला माणूस, पण कानाचा हलका. त्या दिवशी मात्र त्यांना काहीतरी उमगलं असावं. म्हणाले, "भुजंग, चित्र तुझं ना? मग आत्ता इथं कान लावून दाखव." आत जायची पंचाईत, तेव्हा कासाबाई पुढं आली, बटण दाबून दिवा घालवला, आपलं नाव टाकून मशीन उघडून दिलं. भुजंगनं घाम पुसत ठिपके भरले. गोल गुळगुळीत कान काढला, सशाचाच म्हणा.

"खूण कुठाय?" रायभान म्हणाले.

"कसली खूण?"

"उठ," कासाबाई म्हणली. खुर्चीवर बसली, भुजंगचा कान पुसला अन् आपला भरत गेली. एक काप, दुसरा काप, मधलं भोक. तिचा हात थांबायच्या आत म्हातारा ओरडला, "येडबा! आरं, ही तर देवगाव फाट्याच्या येडबाची खूण!"

"मी येडबाची लेक," ती माईकसमोर म्हणली. "मेंढरं माझी हायत."

"मग भुजंगच्या नावाचं ते टिपण कुणी केलं?" माणिकरावांनी विचारलं. तेव्हा मी उठले. कार्बनची प्रत आठ दिवस माझ्या पिशवीतच होती. "टाइप मी केलं, सांगितलं दिनकररावांनी," म्हणलं, अन् सगळी प्रत वाचून दाखवली, एक शब्द गाळला नाही. दिनकररावांचं ते मोठं कपाळ घामानं चकचकायलं होतं. मला लय बरं वाटलं. अजूनही आठवलं की बरं वाटतं.

कासाबाईला आठ दिवसांत कायमचा हुकूम मिळाला. भुजंग गावी गेला. दिनकररावांची नोकरी राहिली, अशा माणसांची राहतेच. पण माणिकरावांनी नवा नियम काढला, की प्रत्येक अधिकाऱ्यानं आपली रोजची माहिती स्वतः मशीनमध्ये भरायची. दिनकरराव दोन दिवस मशीनशी झटले. दोन दिवस मशीन त्यांना विचारत राहिलं, कान कुणी छाटला? कासाबाईनं ती ओळ काढलीच नव्हती.

तिसऱ्या दिवशी ते तिच्या टेबलापाशी आले. "कासाबाई," म्हणाले, सहा वर्षांत पहिल्यांदा. "काय चुकतंय माझं?"

"मशीननं इचारलंय, त्याचं उत्तर द्या आधी."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, दारातल्या शिपायाकडं बघितलं. "मी," ते पुटपुटले.

"काय मी?"

"मी छाटला."

कासाबाई उठली, फडकं घेतलं, बटणं पुसली. "बसा," म्हणली. नाव चाललं, साहेब आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा तिच्या टेबलापाशी उभे.

हे वर्षभर चाललं, रोज. शेवटी मलाच कसंतरी व्हायला लागलं. मी, जिला माफ करता येत नाही, ती मी तिला म्हणलं, "बास झालं गं कासे. सांगून टाक ते बटण."

तिनं फडकं झटकलं अन् घडी घातली. "सहा वर्सं मी पाय धुऊन आत गेले, मावशी," ती म्हणली. "त्यांचं आत्ता कुठं एक झालंय."