हौसाची गाठ आणि माझी भाकरी

सांगलीला निघालो त्या दिवशी एवढं धुकं होतं, की परड्यातली म्हस आवाजावरनं शोधावी लागली. दवाखान्याच्या गोष्टी लोकांना रडवतात म्हणे. माझ्याजवळ मात्र हसायच्याच साठल्यात. शाळा न्हाई शिकलो, तवा सावकाश सांगतो.

*

आमच्या घरची रीत अशी, की पाळीत बाईनं बाहेर बसायचं, चुलीला शिवायचं न्हाई. आधी तीन-चार दिवसांचा मामला. पुढं माझ्या बायकोचं, हौसाचं, अंगावरनं जाणं थांबंनाच. ती उंबऱ्याबाहेरनं हुकूम सोडणार, मी आत भाकरी करणार.

"आवं, भाकरी थापताय का शेणी?"

शेजारची सुंदरा कुंपणावरनं खिदळायची, "तात्या, वटी भरू का तुमची?"

*

दवाखान्याचं नाव काढलं की हौसा म्हणायची, "बायकांचं असतंच असलं." मग एक दिवस नळावर चक्कर येऊन पडली. नखं बघितली, तर कापसासारखी पांढरी. दुसऱ्या दिवशीच तिला घेऊन निघालो.

कराडात एस्टीत चढलो. तिचं पोट पुढं आलेलं बघून कंडक्टर ओरडला, "उठा की! पोटुशी बाई हाय!" तीन पोरांची लग्नं झालेली बाई ही! मी सांगणार, तर हौसानं चिमटा काढला, "गप बसा. जागा मिळतीया!"

*

सांगलीच्या विश्रामबागेतल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाळी किती दिवस चालते?" हौसानं पदरात तोंड घातलं.

मी म्हणालो, "बाई, म्हयन्यातलं पंधरा दिस भाकरी मीच करतोय."

बाईंचं पेन थांबलं. "मामा, एवढं अंगावर काढलंत?"

सोनोग्राफी झाली. गर्भपिशवीत नारळाएवढी गाठ! बाई म्हणाल्या, "घाबरू नका, ही कॅन्सरची वाटत नाही. फायब्रॉइड म्हणतात हिला, पुष्कळ बायकांना होते. लहान असती तर औषधावर बघितलं असतं. आता आधी रक्त चढवू, मग पिशवी काढू."

हौसानं एकच विचारलं, "मग परत बाहेर बसायला नको?"

"कधीच नको!"

"मग उद्याच काढा!"

*

रक्त द्यायला तिचा भाऊ आला. नावाजलेला पैलवान! दंड थोपटून म्हणाला, "बाटली कशाला? कळशी भरून घ्या!" सुई बघितली आणि धाडकन आडवा. नर्स म्हणाली, "काय पैलवान, चितपट?"

शुद्धीवर आल्यावर भिंतीकडं तोंड करून रक्त दिलं त्यानं. हौसा मला म्हणती कशी, "आता जपून बोलायचं. अंगात पैलवानाचं रगात हाय!"

*

ऑपरेशन चांगलं झालं. पर ओझं उचलायचं न्हाई, वाकायचं न्हाई, दीड म्हयना आराम. म्हंजे भाकरी परत माझ्याच गळ्यात! फरक एवढाच, की हौसा आता उंबऱ्याच्या आत, चुलीशेजारी बसून हुकूम सोडायची. गालावर लाली आलेली.

सुंदरा बघायला आली. त्या दिवशी हसली न्हाई. हौसाच्या तोंडाकडं बघत बसली. चक्कर कशी यायची, किती जायचं, दुखलं का, बाई रागवत्यात का, सगळं खोदून विचारलं. हौसानं तिचा हात हातात घेऊन नखं बघितली आणि माझ्याकडं बघितलं.

सुंदरा उठली. दारापर्यंत गेली, परत चुलीपाशी आली. परातीतल्या भाकरीकडं बघत हळूच म्हणाली,

"तात्या, सोमवारी सांगलीला जाईन म्हणते. तवर आमच्या मालकास्नी एवढं थापायला शिकवा."