गाऊनच्या खिशात मावणारा फोन

पणकाकांचं खरं नाव त्यांच्या दारावरच्या पाटीवर होतं, पण सोसायटीत ते कोणाच्या तोंडी नव्हतं. 'पण' आल्याशिवाय त्यांचं एकही वाक्य पुरं होत नसे. "भेंडी ताजी दिसतेय, पण..." असं म्हणून ते भाजीवाल्यासमोर उभे राहत आणि पुढचं मनातच ठेवत. छत्री घेऊन फाटकापर्यंत जात, आभाळाकडे बघत, छत्री घरी ठेवून येत आणि फाटकाशी पोचल्यावर पुन्हा तीच आणायला वर येत. मी समोरच्या दारात राहणारी, त्यामुळे या येरझाऱ्या मला रोज फुकट बघायला मिळत. माणूस दोन वेळा जेवतो तशी काका नेमाने काळजी करत.

नोकरी त्यांनी हडपसरच्याच एका कारखान्यात केली. पुठ्ठ्याची खोकी आखायचं काम. "वस्तू आत हलता कामा नये आणि गुदमरताही कामा नये," हे त्यांचं ब्रीद. निवृत्त झाल्यावरही कुठलीही वस्तू हातात आली की ते आधी तिच्या कडेवरून अंगठा फिरवत. मी एकदा त्यांना चिरोटे दिले तर डब्याकडेच बघत राहिले. म्हणाले, "डबा अर्धा बोट उंच आहे. चिरोट्यांचे हाल झाले असणार." झालेच होते.

सुमनकाकू त्यांच्या अगदी उलट. तोंडाने फटकळ, मनाने मोकळ्या. "यांचा पण संपेपर्यंत भेंडी निबर होते," असं त्या भाजीवाल्याच्या देखत म्हणायच्या. दोन वर्षांपूर्वी काकूंना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि जीभ जड झाली. डोकं मात्र होतं तितकंच तल्लख. शब्द आत तयार असत, बाहेर येताना त्यांचा लगदा होई. त्या काय म्हणताहेत ते एकट्या काकांना कळे. आम्ही नुसते हसून माना डोलवायचो, आणि काकू अशा काही बघायच्या की मान जागच्या जागी थांबावी.

एकदा जिन्यात काकांनी मला अडवलं. "वृषाली, मला डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलंय. हृदयाचं काहीतरी. मी गेलो, तर हिला तहान लागलीय की पोटात दुखतंय, हे कोणाला कळणार गं?" उत्तरही त्यांनीच शोधून ठेवलं होतं: काकूंनी फोनवर लिहून बोलायचं. आता असा फोन शोधायचा, की तो त्यांना एकट्या डाव्या हाताने धरताही येईल आणि त्याच हाताच्या अंगठ्याने लिहिताही येईल. काळजीला एकदाचा आकार मिळाला, आणि तो नेमका किती इंचांचा हे ठरेना.

काकूंचा जुना फोन छोटा. त्यावर मराठी अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग. ण च्या बरोबर खाली न, आणि काकूंचा अंगठा हटकून खाली पडे. त्यांनी पहिल्यांदा पाणी मागितलं ते 'पानी' असं. काका शनिवार पेठेत वाढलेले, तहानलेल्या बायकोसमोर उभं राहून ते म्हणाले, "पानी? अगं, आपल्याकडे पाणी असतं." काकूंनी फोन त्यांच्या अंगावर फेकला. त्यानंतर काकांनी कसोटीच ठरवून टाकली. ज्या पडद्यावर काकूंना एका दमात 'पाणी' लिहिता येईल तो पडदा खरा.

काकांचा पुतण्या मंदार बंगळुरूला असतो. मुलगा मनाने चांगला, त्याने तातडीने टॅब पाठवला. अक्षरं झकास दिसत. पण तो धरायचा म्हणजे एका हाताने पोळपाट धरायचा, वर त्याच हाताने पोळी लाटायची. टेबलावर ठेवला तर चाले, पण काकू काही टेबलाला बांधलेल्या नव्हत्या. "ही मोरीत पडली तर टेबल तिथे नेणार आहे का?" काका म्हणाले. फोन सदैव अंगावर हवा, म्हणजे गाऊनच्या खिशात. झालं, काळजीला आणखी एक बाजू फुटली.

मग काकांनी पुठ्ठे कापायला घेतले. मोठा, मधला, लहान, मधल्याहून किंचित मोठा. प्रत्येकावर पेनाने अक्षरांच्या चौकटी आखल्या आणि काकूंना ते फोन पाळीपाळीने वापरायला लावले. काकू पुठ्ठ्याने वारा घेत. एक त्यांनी चहाच्या कपावर झाकण म्हणून ठेवला. मी म्हटलं, "काका, घ्या हो कुठलाही, माणसं चंद्रावर जायला निघालीत." ते म्हणाले, "जाऊ देत. त्यांच्याशी बोलायला खाली माणसं बसलेली असतात. हिच्याशी कोण आहे?"

शेवटी मी त्यांना गाडीतळाजवळच्या एका दुकानात घेऊन गेले. काउंटरवरची मुलगी यवतमाळची होती, बोलायला गोड. "काका, हा पाहून तं घ्या, सिक्स पॉइंट एट आहे. मूव्ही पाहाले एकदम मस्त." काका म्हणाले, "मूव्ही नाही बघायचा, बायकोला झटका आलाय, तिला यावर लिहून बोलायचंय. आणि हे सिक्स पॉइंट काय ते कुठून कुठवर?" तिने पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत बोट फिरवलं. "म्हणजे कर्ण!" काका उखडले. "अहो, कर्णाच्या भरवशावर राहिलं की चाक रुतलंच. बोट आडवं फिरतं. मला रुंदी सांगा." रुंदी तिलाही ठाऊक नव्हती. एवढ्यात काकांनी पिशवीतून काकूंचा फुलाफुलांचा गाऊन काढला, काउंटरवर पसरला आणि साखळीला बांधलेला फोन त्याच्या खिशात घालू लागले. दुकानातलं सगळं गिऱ्हाईक इकडे बघायला लागलं. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. ती मुलगी मात्र काउंटर ओलांडून आली आणि तिने खिसा धरला. "काकू कशा आहेत आता?" तिने विचारलं. काकांना 'पण'सुद्धा म्हणता येईना.

काकांनी स्वतःच्या डाव्या अंगठ्याने लिहून पाहिलं. ज्या फोनवर अंगठा नीट पोचत होता आणि अक्षरं ठसठशीत दिसत होती, तो खिशातून चार बोटं वर येत होता. जो खिशात बसत होता त्यावर पुन्हा 'पानी'. आम्ही हात हलवत परत निघालो. वाटेत रिक्षातच काकांना दरदरून घाम सुटला. त्यांनी छाती दाबून धरली आणि माझ्याकडे बघून पुटपुटले, "आज नको, आज नको. तिचं अजून ठरलं नाहीये." मी इतकी घाबरले की रिक्षावाल्याला दवाखान्याचं नावसुद्धा सांगता येईना. त्याने आपणहूनच रिक्षा वळवली.

त्या वेळी निभावलं. घरी आल्यावर काका पलंगावर पडल्या पडल्या पुन्हा रुंदी आणि खिसा यांच्यावरच आले. काकू शेजारी बसल्या होत्या. त्या काहीतरी बोलल्या, मला नेहमीप्रमाणे काही कळलं नाही. काका माझ्याकडे वळून ओशाळं हसले. "ही म्हणते, खिसा उसवा. मोठा शिवून घ्या. अंगठा कुठून वाढवून आणणार?" इतके महिने गाऊनचा खिसा दगडावरच्या रेघेसारखा धरून बसलेला हा माणूस जन्मभर वस्तूला खोकं करून देत आला होता! मी दुसऱ्या दिवशी एकटीच जाऊन तो रुंद फोन घेऊन आले, आणि कोपऱ्यावरच्या शिंपिणीने काकूंच्या सगळ्या गाऊनांना नवे खिसे लावून दिले.

काकूंनी त्यावर पहिल्यांदा 'पाणी' लिहिलं नाहीच. बराच वेळ अंगठा चालवून पडदा काकांसमोर धरला. 'अहो, पुरे आता.' काका तो पडदा घेऊन शेजारी चार घरांत दाखवून आले.

पुढे काका रोज तालीम घेत. आतल्या खोलीत जाऊन दार लोटत आणि ओरडत, "समज, मी नाहीये. तुला बरं वाटत नाहीये. वृषालीला कळव." माझ्या फोनवर काही येत नसे. काकू खुर्चीत स्वस्थ. काका वैतागून बाहेर आले की त्या पडदा वर करत. त्यावर लिहिलेलं असे, 'आहात की.' हे बघताना मला हसू येई. काकांना येत नसे.

दिवाळीनंतर काका गेले. दुपारचं जेवण झालं, पाठ टेकली आणि उठलेच नाहीत. मला काकूंचा निरोप आला, 'लवकर ये. हे उठत नाहीत.' मी धावत गेले, पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मला काकांचा राग आला, अजूनही येतो. एवढी काळजी करणाऱ्या माणसाने असं न सांगता जायचं?

तेराव्याला घर माणसांनी भरलं. जेवणं झाल्यावर बैठकीत काकूंचं काय करायचं यावर चर्चा सुरू झाली. मंदार म्हणाला, बंगळुरूला नेतो, लिफ्ट आहे, बाई ठेवू. कोणी चांगल्या वृद्धाश्रमाचं नाव घेतलं. कोणी फ्लॅट भाड्याने द्यायचं सुचवलं. सगळे मायेनेच बोलत होते, आणि काकूंच्या डोक्यावरून बोलत होते. काकूंना तोंडाने काही सांगता येणार नव्हतं, आणि त्यांचा लगदा झालेला शब्द ओळखणारा माणूस आता भिंतीवर हार घालून होता.

काकूंनी फोन काढला. अंगठा सावकाश चालला. मग त्यांनी हात उंच करून पडदा सगळ्यांकडे वळवला. अक्षरं एवढी मोठी की दाराशी उभ्या असलेल्या मलाही वाचता आली.

'मला कोणी विचारलं का?'

काकूंनी फोन पुन्हा मांडीवर घेतला आणि लिहायला लागल्या. या खेपेला बराच वेळ लागत होता. मंदार उठला, खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसला आणि म्हणाला, "सांग, काकू." त्या घरात काकांखेरीज कोणी त्यांचं बोलणं पुरं होण्याची वाट बघतंय, असं मी दोन वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.