सुलाबाईचं नाक

झरी गावाच्या अलीकडं, रस्त्याला लागून बारा-पंधरा घरांची आमची वस्ती आहे. तिथं एखादी वस्तू चांगली का वाईट ते ठरवायचं असलं की माणसं सुलाबाईच्या नाकाकडं जायची. तुपात भेसळ आहे का, पेंड बुरसली का, सगळ्याला तेच एक नाक. तिच्या भावाची बायको मनकर्णा सकाळी दुधाचं पातेलं घेऊन दारात उभी राहायची. सुलाबाई भाकरी थापता थापता लांबूनच सांगायची, "ताक कर त्याचं. दुपारपस्तोर बी टिकायचं न्हाई."

पण नाकाचं खरं काम दारूचं होतं. नवरा लवकर गेला तेव्हापासून, म्हणजे तीसेक वर्षं, सुलाबाई घरी गुळाची दारू गाळायची. गाळणारे पुष्कळ. बाकीचे नळीतून पडली की विकून मोकळे व्हायचे. पिणारेही तसलेच, 'पहिल्या धारेची' म्हटलं की अंगात यायचं. सुलाबाई पहिली धार उकिरड्यावर ओतायची आणि उरलेली पंधरा दिवस कुणाला दाखवायचीसुद्धा नाही.

"नळीतून पडती तव्हा ती येडी आसती," ती म्हणायची. "तोंड भाजती, घसा वरबाडती. तिला बसू द्यावं लागतंय. नवी नवरी घरात आल्यावर लगीच कामाला जुपतेत का? मग?"

बसायला एक चिनी मातीची बरणी होती, दोघांनी उचलायची. पहिले चार दिवस तोंडाला नुसतं पातळ फडकं, 'राग जाऊ द्यायला'. मग झाकण, झाकणाच्या कडेला कणीक, आणि बरणी ज्वारीच्या पोत्यांमागं, जिथं ऊन पोचत नाही. काचेच्या बाटलीवर तिचा विश्वास नव्हता. त्यात वर्षभर ठेवा, आहे तिथंच राहती, शहाणी होत नाही, असं तिचं म्हणणं. प्लास्टिकचं नाव काढलं की ती हातच जोडायची. "पल्याष्टिकात ती बसत न्हाई बाबा. पल्याष्टिक तिच्यात बसतंय."

पंधराव्या दिवशी कणीक फोडायची, एक थेंब तळहातावर घ्यायचा, दुसऱ्या हातानं चोळायचा, डोळे मिटायचे. पहिल्यांदा तिखट, लोखंडासारखा वास यायचा. तो उडून गेला की खालून हळूच दुसरा वर यायचा, ज्या गुळापासून ती निघाली त्या गुळाचा. मग सुलाबाई डोळे उघडायची आणि म्हणायची, "आला गूळ परत." एवढं म्हटल्याशिवाय थेंब बाहेर जात नसे.

माणिकराव हे तिचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. ग्रामपंचायतीत शिपाई होते, रिटायर झाले, पण भाषा अजून नोकरीवरच होती. बाराव्या दिवसापासून खाटेवर येऊन बसायचे.

"सदरहू माल तयार झाला किंवा कसे, याबाबत खुलासा व्हावा."

"गूळ आला की खुलासा व्हईल. निगा आता."

"अर्जदार वयोवृद्ध आहे, याची नोंद घ्यावी."

"अर्जदाराला म्हनावं घरी जाऊन भाकर खा."

करोनाच्या दुसऱ्या लाटेत सुलाबाईला ताप आला. आठ दिवस पडली आणि उठली. उठल्यावर पहिली बरणी उघडली, थेंब चोळला. लोखंड नाही, गूळ नाही. दारू बिघडली म्हणून तिनं अख्खी बरणी बाभळीच्या बुडाला ओतली. पुढची गाळली, तीही तशीच. तीही ओतली. मग एका दुपारी ती चुलीपुढं बसलेली असताना मनकर्णा बाहेरून पळत आली.

"अवं आक्का, वरन जळायलंय की! वास यीना का?"

सुलाबाईनं पातेल्याकडं बघितलं. डाळ तळाला काळी झाली होती. "जळू दिलं मुद्दाम," ती म्हणाली. "जरा करपल्यालं ग्वाड लागतंय."

त्या दिवसापासून ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं गोल करायला लागली. पंधरावा दिवस आला की तोच तळहात, तेच चोळणं, तेच डोळे मिटणं, आणि बरोबर तेवढंच थांबून, "आला गूळ परत." सुलाबाई सुलाबाईची नक्कल करत होती. इतकी हुबेहूब, की तीन वर्षं कुणाला संशय आला नाही. बरणी आपलं काम करत होती. दारू आपली आपण बसत होती. दूध घेऊन मनकर्णा आली की ती म्हणायची, "तापवून बग, फाटलं तर फाटलं." भरवशाची फक्त बरणी होती.

गेल्या हिवाळ्यात धाड येणार अशी आवई उठली. सुलाबाईनं एकटीनंच बरणी तुरीत लपवायला ओढत नेली. बांधावरच्या धोंड्याला लागून ती वरपासून खालपर्यंत तडकली. धाड काही आली नाही.

तिचा धाकटा भाऊ, मनकर्णेचा नवरा पंडित, लोकांच्या रानात फवारणीला जायचा. तो प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरायचा, 'ख्खम्', जसं काही वाक्य आत अडकलंय. तो एक पांढरा कॅन घेऊन आला.

"ख्खम्. आक्का, बरनी मिळूस्तोर ह्यो घे. चार पान्यानं धुतलाय. राखंनं बी घासलाय."

"सदरहू प्लास्टिकबाबत आपले धोरण..." खाटेवरून माणिकराव म्हणाले.

"धोरन माज्यापाशी हाय. तुमी गप बसा."

पंडितनं कॅन पुढं केला. "ख्खम्. मला जराक वास यायल्यावानी वाटतंय. तू बग."

सुलाबाईनं कॅनच्या तोंडाला नाक लावलं. पंडित बघत होता, दारात मनकर्णा बघत होती, खाटेवरून माणिकराव बघत होते. तिनं लांब श्वास घेतला, डोळे मिटले, थांबली.

"वास न्हाई," ती म्हणाली.

तिच्यापुरतं ते अगदी खरं होतं.

"ख्खम्. मग माजंच नाक बिगडलं आसल," पंडित हसून म्हणाला. त्यात आधी तणनाशक होतं हे त्यालाही माहीत होतं, तिलाही. तसले कॅन धुऊन घराघरात पाण्याला लावलेले असतात. वास गेला म्हणजे औषध गेलं, असा हिशेब. आणि वास गेला का नाही हे सांगायला सुलाबाईचं नाक होतं.

पंधराव्या दिवशी तिनं थेंब चोळला आणि गूळ परत आला म्हणून सांगितलं. माणिकराव बाटली भरून घेऊन गेले. पंडितनं तिथंच घेतली, आणि पुढचे दोन दिवस रानातून आल्यावर.

तिसऱ्या दिवशी त्याचं तोंड आतून सोललं. पाणी गिळवेना, उलट्या थांबेनात. त्याला परभणीला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी होती. तिनं विचारलं, काय खाल्लं, काय पिलात?

"ख्... शिळं मटन," पंडित म्हणाला. बोलताना त्याला कळ येत होती.

"दारू?"

"ती आक्काची आसती. तिच्या दारूनं आजपस्तोर कुनाचं डोकं दुकलं न्हाई. मटनच."

सुलाबाई पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. भावाचं तोंड बघितलं तेव्हाच तिच्या डोळ्यापुढं कॅन आला होता. ती एक वाक्य बोलली असती तर इलाज बदलला असता. पण ते वाक्य बोललं की तीस वर्षांची सुलाबाई संपणार होती, आणि मागची तीन वर्षंही उघडी पडणार होती. डॉक्टरणीनं शिळ्या मटणाचा इलाज लावला. सुलाबाई त्या दिवशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं भावाचे पाय चेपले, मनकर्णेला जबरदस्तीनं चहा पाजला, पण बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी पंडितची लघवी बंद झाली. डॉक्टरीण सगळ्यांना उद्देशून म्हणाली, "कुणीतरी खरं सांगा. यांच्या पोटात विष गेलंय."

"डबा तननाशकाचा व्हता," सुलाबाई म्हणाली. "दारू मी ठिवली त्यात."

"आणि वास नाही आला तुम्हाला?"

"मला वास येत न्हाई. करोनापासून. कशाचाच न्हाई."

पलंगावरून पंडितनं हात हलवला. आवाज फुटत नव्हता, तरी ओढून काढला. "खोटं बोलायली, डाक्टर. तिला वास येतोय. सगळ्याचा येतोय."

डॉक्टरीण चिठ्ठीवर भराभरा लिहीत म्हणाली, "आल्या आल्या सांगायला पाहिजे होतं, आजी." तिनं आवाज चढवला नाही. दोन दिवसांनी पंडित गेला. पोलीस आले, जबाब झाला, केस सुरू आहे. सुलाबाईचा जामीन मनकर्णेच्या भावानं दिला.

पंडित गेला त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात मनकर्णा सुलाबाईपासून हातभर अंतरावर बसली होती. ती म्हणाली, "मला सांगायचं व्हतं, आक्का. माजं नाक व्हतं की घरात." मग फरशीकडं बघत, "मला बी वास आला व्हता त्या दिशी. दारातूनच आला व्हता."

"मग बोललीस कामून न्हाई?"

"तुमी न्हाई म्हनलाव ना."

तेरावा झाल्यावर माणिकराव आले. खाटेवर बसले नाहीत, दारातच उभे राहिले. टोपी काढून हातात धरली. चूल थंड होती, सुलाबाई तिच्यापुढं बसली होती.

"सुलाबाई," ते म्हणाले. सदरहू नाही, अर्जदार नाही. "मी त्या दिवशीची बाटली पिलोच न्हाई. घरी नेऊन झाकण काढलं आन् औषधाचा भपका आला. लिंबाच्या बुडाला ओतून टाकली."

सुलाबाईनं त्यांच्याकडं बघितलं.

"दुसऱ्या दिशी इकडंच आलो व्हतो सांगायला. पंडित इथं पीत बसला व्हता. म्हनलं, बाई न्हाई म्हनली म्हन्जे नसल. तीस वर्सं तुमचं नाक बगितलंय. तुमच्या तोंडावर कसं म्हनावं, की मला वास यायलाय?"

"म्हनायचं," सुलाबाई म्हणाली. "माज्या तोंडावर म्हनायचं, माणिकराव. म्या मारलं आसतं का तुमाला?"

शेजारच्या घरात कुणीतरी मिरच्या भाजायला घेतल्या, ठसका दारापर्यंत आला. माणिकराव खोकायला लागले, डोळ्यांतून पाणी आलं. सुलाबाई त्यांच्याकडं बघत राहिली. ते कशानं रडतायत हे तिला कळलं नाही, आणि तिनं विचारलंही नाही.