तांदळातलं नाव

कुवेत सिटीतल्या त्या चित्रप्रदर्शनाला मी बांगड्या वाजवत गेले होते. आता नातवंडांना सांगताना मलाच हसू येतं. पण नवरा ऑइल कंपनीत चीफ इंजिनिअर, म्हणजे मला कलेतलं कळणारच, अशी तेव्हा माझी ठाम समजूत होती.

एका कोरियन बाईने रंगीत चिंध्या जोडून भिंतभर कापड टांगलं होतं. खाली पाटी होती, ‘मी’.

“आमच्याकडे याला गोधडी म्हणतात आणि पांघरतात,” मी इंग्रजी फाडलं. “आणि यावर तुमची सही कुठाय?”

सुईने टोचलेली बोटं चोळत ती हसली. “आमच्या कॉलनीत मला सगळे मुलाच्या नावाने ‘अमक्याची आई’ म्हणतात. स्वतःचं नाव सवयीचं झालं, की करीन सही. तुमचं नाव?”

“मिसेस चीफ इंजिनिअर.”

“ते नवऱ्याचं झालं. तुमचं?”

“माहेरचं यमुना. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीने ‘सुनंदा’ लिहिलं.”

“तांदळावर? मग शिजवून खाऊन टाकायचं ना!”

रागारागात तिचं नावही न विचारता मी घरी आले आणि कुकर लावला.

“सुनंदा, वाढतेस ना?” ह्यांनी हाक मारली.

मी म्हटलं, “ती कुकरमध्ये शिजतेय.”