एक चाक लख्ख

ट्रकच्या यार्डात तिला सगळे लख्खताई म्हणत. ड्रायव्हर गाडी घेऊन आला की ती चाकांकडे बघून तोंड वाकडं करायची, "काय करून ठेवलंय हे!" म्हणून त्याची हजेरी घ्यायची आणि मग म्हणायची, "ठेवा, लख्ख करून देते." त्यावरून नाव पडलं. राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर असायचा. तरीही ट्रकची अॅल्युमिनियमची चाकं काळवंडली, डागाळली, की माणसं तिच्याकडेच यायची. शिव्या खाऊन का होईना, चाक तिच्याकडूनच घासून घ्यायचं, असा रिवाजच पडून गेला होता.

लग्न करून गेली होती, पण ते लग्न काही टिकलं नाही. परत आली ती वडिलांच्या दोन खोल्यांत. आई तोवर गेली होती. वडील जन्मभर ट्रक चालवलेले. जिन्यावरून पडून कंबर मोडल्यावर घरी बसले, आणि गाडी धाकट्याकडे गेली. धाकटा म्हणजे तिचा एकुलता एक भाऊ. गाडी कोणाकडे जाणार याची घरात चर्चासुद्धा झाली नव्हती. सूर्य कुठून उगवणार याची कोणी चर्चा करतं का?

पण त्या गाडीची चाकं होती तिची. लहान असताना वडील फेरीवरून आले की ती बादली आणि चिंध्या घेऊन धावायची. चाक थंड होईपर्यंत हात लावायचा नाही, साबणाचं पाणी वाळू द्यायचं नाही, नटांच्या खाचांत जुना दातांचा ब्रश घालायचा, हे सगळं वडिलांनीच तिला शिकवलं. ती घासायची आणि धाकटा वडिलांच्या मांडीवर बसून स्टिअरिंग फिरवायचा. एकदा वडील आत झोपलेले असताना ती केबिनमध्ये चढली आणि किल्ली फिरवली. इंजिन घुरघुरलं. वडील धावत आले आणि कान धरून तिला खाली उतरवलं, चारचौघांत. "हे तुझं काम नाही," एवढंच म्हणाले. कान नंतर दुखायचा थांबला.

तर त्या दिवशी सकाळी धाकटा गाडी घेऊन यार्डात आला. लख्खताई एका टँकरचं चाक पुसत होती. तिने मान वर केली आणि तिच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

चाकांवर पांढरे, ढगाळ डाग पडले होते. ओघळ आलेले, जणू कोणी चुना फासून नीट पुसलाच नव्हता. एकही चाक वाचलं नव्हतं.

"कोणी केलं हे?"

"अगं, ते दुकानात औषध मिळतं ना, मारलं की मळ निघतो..."

"अॅसिड मारलंस?"

"थोडंसंच. मारलं आणि चहाला गेलो. येईपर्यंत वाळलं."

"उन्हात? चाकं तापलेली असताना?"

धाकट्याने खांदे उडवले. "धातूच आहे ताई, माणूस नाही."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती त्याला काय काय बोलली ते टँकरवाल्याने नंतर यार्डभर सांगितलं. त्यातलं निम्मंच इथे सांगण्यासारखं आहे. "बैलाला शिंगं तरी असतात, तुला तेवढंही नाही," हे त्यातलं सौम्य. धाकटा मुकाट ऐकत राहिला. नेहमी उलट बोलणारा माणूस ऐकून घेतो तेव्हा कुठेतरी पाणी मुरत असतं, हे तिच्या लक्षात यायला हवं होतं. पण रागात माणसाला आपलाच आवाज ऐकू येतो.

शेवटी तोच म्हणाला, "झालं ना आता? तू करून दे. तुझ्याशिवाय कोणाला जमणार?"

आणि तिने केलं. टायरखाली लाकडी ठोकळे लावले, आणि पुढच्या डाव्या चाकापासून सुरुवात केली. आधी भरपूर पाणी, मग साबण, मग पुन्हा पाणी, म्हणजे अॅसिडचा अंश कुठे खाचेत लपून राहायला नको. साबणाने डाग हलणार नव्हते, ते वर बसलेले नव्हते, धातूच जळला होता. तिने खरखरीत पॉलिश पेपर पाण्यात बुडवला आणि घासायला घेतलं. मग त्याहून बारीक, मग त्याहूनही बारीक. आधीच्या कागदाचे ओरखडे पुढच्या कागदाने जाईपर्यंत हात थांबवायचा नाही. राग सगळा दंडात उतरला होता. कामाला तो बराच उपयोगी पडला. मग मशीनला कापडाचा बफ लावून तिने पॉलिशचा घट्ट साबणासारखा तुकडा त्यावर टेकवला. चाकावर काळं वंगणासारखं पसरलं, तिच्या कोपरापर्यंत उडालं, आणि ते मऊ कापडाने पुसल्यावर खालून चाक उजळून आलं. त्यात तिला तिचं स्वतःचं तोंड दिसलं, काळं झालेलं, कपाळाला आठ्या. तोंडाकडे न बघता तिने नटांभोवतीची जागा पुन्हा पुसली.

ते चाक संपवून ती नुकतीच मागच्या चाकाशी पोत्यावर बसली होती, गाडीच्या आडोशाला. तेवढ्यात पलीकडून धाकट्याचा फोनवरचा आवाज आला.

"हो हो, उद्या सकाळी या ना बघायला. चाकं चकाचक होतायत. अहो, वडिलांची सही झाली, घरचं काही अडत नाही. बहीण? तिचा काय संबंध?"

तिने हातातला कागद बादलीत टाकला. पाणी उडालं. धाकटा दचकून वाकला आणि गाडीखालून दोघांची नजरानजर झाली.

"ताई, मी सांगणारच होतो..."

ती उठली, मशीनची वायर गुंडाळली, डबे पिशवीत भरले.

"अर्धवट टाकून कुठे चाललीस?"

"तिचा काय संबंध?" ती म्हणाली आणि चालू लागली.

घरी वडील खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, मांडीवर उशी घेऊन. तिचे काळे हात आणि चेहरा बघून त्यांना सगळं कळलं असावं. त्यांनी नजर बाहेर वळवली.

"गाडी विकताय?"

"धाकट्याला नाही जमत आता. त्याला दुकान टाकायचंय."

"आणि मला?"

"तुला काय?"

"मला कोणी विचारलं?"

"तुला सांगितलं असतं तर तू आकाशपाताळ एक केलं असतंस."

"मग आता काय करतेय?" तिने पिशवी जमिनीवर आपटली. डबे खणखणले. "जन्मभर त्या गाडीची चाकं मी घासली. लेकाने जाळली तेव्हाही मीच हवी. आणि विकताना मी कोण? धुण्याभांड्याची बाई?"

वडिलांनी मांडीवरची उशी सरळ केली. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुझा त्या चाकांवर जीव होता, म्हणून तर सांगायला जीभ रेटली नाही."

इथे मात्र तिचा बांध फुटला. "चाकांवर? चाकांवर नव्हता हो माझा जीव! चिंध्या घेऊन कोणाचा जीव रमतो? मला गाडी चालवायची होती. तुम्हाला माहीत होतं. कान धरून उतरवलंत तेव्हाही माहीत होतं!"

"बाईमाणसाला रस्त्यावर..."

"आणि यार्डात? तिथे शंभर पुरुषांत मी पोत्यावर बसते ते चालतं? का, तर तिथे मी खाली असते म्हणून?"

तिने दोघांसाठी जेवण केलं, त्यांचं ताट त्यांच्यासमोर ठेवलं, स्वतःचं घेऊन स्वयंपाकघरात जाऊन बसली. तिथेही भांडी जरा जास्तच वाजली.

सकाळी गिऱ्हाईक आलं. जाडसर, शांत माणूस. गाडीभोवती फिरला. पुढचं डावं चाक आरशासारखं आणि बाकीची सगळी कोड फुटल्यासारखी. तो बराच वेळ त्या एका चाकासमोर उभा राहिला.

"हे असं कसं?" त्याने विचारलं.

धाकटा घाईने म्हणाला, "काम चालू आहे, होतील सगळी..."

"होणार नाहीत," लख्खताई टँकरच्या मागून म्हणाली. "याने अॅसिडने जाळली. घासली तर डाग निघतील, पण मी घासणार नाही. दुसऱ्या कोणाकडून करून घ्या, आणि त्याला सांगा, कागद ओला ठेव."

त्या माणसाने एकदा तिच्याकडे, एकदा धाकट्याकडे बघितलं, आणि हसला. गाडी त्याने घेतली. इंजिन चांगलं होतं. चाकांवरून कोणी सौदा मोडत नाही. दुपारी गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा वळणावर ते एकच चाक उन्हात चमकलं. आपल्याला बरं वाटेल असं लख्खताईला वाटलं होतं. वाटलं नाही. उलट अंगाचा आणखी तिळपापड झाला, आणि राग कोणावर काढावा कळेना.

टँकरवाला गुळण्या करत उभा होता. पाणी थुंकून तो म्हणाला, "ताई, तुम्ही एवढं रागावता, त्यापेक्षा चालवायला का शिकत नाही?"

"शिकवणार कोण? तुम्ही?"

"शिकवीन की. पण शिव्या देणार नसाल तर."

"ते नाही जमायचं."

"बरं, मग थोड्या कमी द्या."

आधी लहान गाडीचं लायसन्स झालं, मग मोठ्या गाडीचा सराव सुरू झाला. यार्डाच्या मागच्या मोकळ्या मैदानात टँकरवाला रिकामा टँकर लावायचा आणि शेजारच्या सीटवर जीव मुठीत धरून बसायचा. क्लच सुटला की गाडी उचकी लागल्यासारखी उडायची आणि बंद पडायची. ती स्टिअरिंगवर हात आपटायची, टँकरला, टँकरवाल्याला, धाकट्याला, वडिलांना क्रमाने बोलायची आणि पुन्हा किल्ली फिरवायची. धाकट्याने दुकान टाकलं, तिला उद्घाटनाला बोलावलं. ती गेली नाही. वडिलांशी ती औषध, जेवण, पाणी एवढंच बोलायची.

एक दिवस सरावात गाडी तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा कुंपणापलीकडून आवाज आला, "हळू सोड! पाय हळू सोड!"

वडील होते. काठीवर भार देऊन, घामाघूम, एवढं अंतर कसे चालत आले होते देव जाणे.

लख्खताईने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "गप्प बसा!"

"गप्प काय बसा? इंजिनचा आवाज ऐक आधी! आवाज बदलला की..."

"तेव्हा शिकवायचं होतंत! आता गप्प उभे राहा!"

ते गप्प उभे राहिले. पण घरीही गेले नाहीत. टँकरवाला समोर बघत बसला, कारण हसलो तर आपलीच शंभरी भरेल हे त्याला चांगलं माहीत होतं.

तिने किल्ली फिरवली. इंजिन घुरघुरलं. आवाज बदलेपर्यंत तिने वाट पाहिली, दात आवळून, त्यांच्याकडे अजिबात न बघता, आणि पाय हळू सोडला. टँकर न उडता पुढे सरकला.