न दिलेली चिठ्ठी

मंडळी, आज हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले होते. रांगेत माझ्या जुन्या नोकरीतली शालन भेटली.

१९८५ साली अंधेरीकडच्या एका लष्करी डेपोत मी कारकून होते. नव्या सिव्हिलियन बायकांना पहिल्या दिवशी नियम समजावण्याचं काम माझ्याकडे होतं. एकदा फाटकाच्या आत आलं की संध्याकाळपर्यंत बाहेर जायचं नाही. गेलंच तर साहेबांच्या सहीने.

शालनने तिच्या पहिल्याच दिवशी विचारलं, "ताई, जेवायच्या सुट्टीत घरी जाऊन येऊ ना? समोरच्याच चाळीत राहते. बाळ चार महिन्यांचं आहे, अंगावर पितं."

"साहेब दौऱ्यावर आहेत गं. आज नाही जमणार."

दुपारी तिची सासू रडणारं बाळ घेऊन कुंपणाबाहेर उभी राहिली. शालन आतून तारा धरून उभी होती. तिचा ब्लाउज भिजला होता. फाटकावरचा हवालदार मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही दोन ओळींची चिठ्ठी द्या, मी सोडतो."

मी दिली नाही. अशीच चिठ्ठी दिली म्हणून महिन्यापूर्वी एका कारकुनाला मेमो मिळाला होता. थोड्या वेळाने सासू बाळाला घेऊन परत गेली.

आज मी शालनला म्हणाले, "तेव्हा चिठ्ठी द्यायला हवी होती मी."

"सोडा हो ताई," ती हसली. "तुमच्यानंतर ते काम माझ्याकडेच आलं. मी तरी कुठे कुणाला सोडलं?"

तेवढ्यात तिचा नंबर आला. ती खिडकीकडे गेली.

कुणाला सोडणं तुमच्या हातात होतं आणि तुम्ही सोडलं नाहीत, असं तुमच्याकडून झालंय कधी?