हरण्याचा खांदा

कचरूकाकांचं नाव काढलं की हसनाबादेत लोक आजही आधी त्यांच्या बैलांचं बोलतात, मग माणसाचं. काकांनाही तेच आवडलं असतं. फक्त एक गोष्ट माझ्यासमोर कोणी काढत नाही, कारण ती माझ्यामुळे घडली आणि मी गावची लेक आहे. म्हटलं, मग मीच सांगते.

आमच्या भिंतीला त्यांची भिंत. मूलबाळ नव्हतं. सगुणाकाकू आणि पांढऱ्या खिल्लारी बैलांची जोडी, हरण्या आणि पाखऱ्या, एवढाच संसार. जोडी थकली की नवी यायची, नावं मात्र तीच राहायची. जुवाला काकूंच्या जुन्या लुगड्याची घडी गुंडाळलेली असायची. ऊन चढलं की औत सुटायचं. संध्याकाळी काका दोन्ही बैलांच्या खांद्यांवरून तळहात फिरवायचे, आणि खांदा जरा गरम लागला की दुसऱ्या दिवशी औत बंद. पेरणी का खोळंबेना! चाळीस वर्षांत त्यांच्या एकाही बैलाच्या खांद्याला जखम झाली नव्हती.

पुढं त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. तरीही बैल घ्यायचा असला की लोक बाजारात काकांनाच न्यायचे. काका खांद्यावर हात ठेवायचे, डोळे मिटायचे. "ह्याला लई रगडलंय. सोड." मग विकणारा कितीही बोंबलला तरी गिऱ्हाईक पुढं सरकायचं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी असते. बैलांचे खांदे लोण्या-हळदीनं मळायचे आणि त्यांच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." काकांच्या गोठ्यात लोण्याची वाटी धरायचा मान माझा. मी सहा वर्षांची होते तेव्हापासून. "माझी लेक असती तर तिनंच धरली असती ना, कौशे," ते म्हणायचे.

१९९८ साली मी औरंगाबादला पत्रकारितेचा कोर्स करत होते. गावातून तिथवर गेलेली मी पहिलीच पोरगी, त्यामुळे अंगात वारं शिरलेलं. मुंबईची मंडळी ट्रॅक्टरची जाहिरात करायला आमच्या भागात येणार होती आणि त्यांना इथली बोली येणारा शिकाऊ मदतनीस हवा होता. सरांनी माझं नाव दिलं. डायरेक्टरनं फोनवर विचारलं, "पांढरी बैलजोडी मिळेल?"

"मिळेल की! अशी जोडी अख्ख्या जिल्ह्यात नाही," मी म्हटलं. कशाला हवी, हे विचारायची बुद्धी झाली नाही.

मार्च महिना होता. शूटिंग आमच्याच शिवारात. काकांनी पहाटेच बैल धुतले, शिंगांना तेल लावलं, झुली घातल्या, गळ्यात घुंगरमाळा बांधल्या. स्वतः परीटघडीचं धोतर नेसून, लाल फेटा बांधून आले. "टीव्हीवर जायचं हाये माय, मळकं कसं चालंल?"

डायरेक्टरनं वरून खालपर्यंत बघितलं. "हे सगळं उतरवा. ट्रॅक्टर यायच्या आधीचा गरीब शेतकरी आहे हा. फाटका सदरा द्या याला."

एवढ्या वडीलधाऱ्या माणसाला "याला"! मला राग आला, पण मी तो गिळला. गिळायला त्या दिवशी मी फार लवकर शिकले. काकांना समजावलं तर ते उलट हसले. "नाटकात राजाचा बी भिकारी व्हतो. आण तो सदरा." आणि टेम्पोच्या आड कपडे बदलायला गेले.

तेवढ्यात मेकअपवाला कापूस, डिंक आणि लाल रंग घेऊन हरण्याजवळ आला. मला म्हणाला, "दोरी धर." मी धरली. तो हरण्याच्या खांद्यावर कापूस चिकटवू लागला, वरून लाल, कडेनं पिवळा. माझ्या डोळ्यांदेखत तिथं एक चिघळलेली जखम तयार झाली. 

"सर," मी डायरेक्टरला म्हटलं, "या काकांच्या बैलाला अशी जखम कधीच झालेली नाही."

"मग? जाहिरात आहे ही."

"त्यांना चालणार नाही, सर."

"मग चालेल असं काहीतरी सांग. भाषा येते म्हणूनच आणलंय ना तुला? नसेल जमत तर तसं सांग, दुसरं कोणी बघतो."

सगळे माझ्याकडे बघत होते. माझा पहिलाच दिवस. बापानं गावभर सांगितलेलं, पोरगी सिनेमावाल्यांत कामाला लागली म्हणून. दुपारी घरी परत गेले तर तोंड कुठं लपवणार? मी भ्याले. दुसरं काही कारण नाही, उगाच शोधूही नये.

काका फाटक्या सदऱ्यात आले. डोळे बारीक करून बघत म्हणाले, "ह्ये काय लावून राह्यले गं?"

"खांद मळून राह्यलेत, काका," मी म्हटलं.

"आत्ता? पोळ्याला तर पाच महिने हायेत."

"शूटिंगच्या आधी मान देतात. हळद लावलीय, वरून कुंकू."

त्यांचा हात सवयीनं खांद्याकडे गेला. तो हात मी धरला. "नका लावू काका, ओलं हाये अजून." त्यांनी हात मागं घेतला आणि, देवा, त्या मेकअपवाल्याला नमस्कार केला. "शहरातल्या मान्साला बी ठावं हाये म्हणायचं!" मेकअपवाल्यानं माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली.

दिवसभर काका उन्हात औत हाकत राहिले. कॅमेरा हरण्याच्या खांद्याजवळ जाऊन थांबायचा. संध्याकाळी मी ओल्या फडक्यानं तो खांदा घासघासून पुसला. तरी घरी गेल्यावर काकांनी हात फिरवलाच. भिंतीपलीकडून मला ऐकू आलं, "सगुणे, ह्यांचं लोनी चिकट काहून गं?" मी पलीकडे गेले नाही.

जाहिरात आषाढात लागली. रविवारी रामराव पाटलांच्या ओसरीवर टीव्हीसमोर अर्धं गाव. काका सगळ्यांत पुढं, फेटा बांधून. मी सुट्टीला आलेली, दाराशी उभी. पडद्यावर काका दिसले तशा पोरांनी शिट्ट्या मारल्या. मग पडदाभर तो खांदा आला. जाडाभरडा आवाज म्हणाला, "मुक्या जनावराचे हे हाल अजून किती दिवस?" शिट्ट्या थांबल्या. लगेच लाल ट्रॅक्टर, गुलाबी फेटा, नाचगाणं.

"काय दावलं?" काका विचारत होते. "हरण्याचं काय दावलं?"

शेवटी सगुणाकाकू म्हणाल्या, "खांद्याला जखम व्हती त्याच्या. लालभडक."

काकांनी वळून माझ्याकडे बघितलं. त्या अंधूक डोळ्यांना मी दारात दिसले असेन की नाही, कोण जाणे. ते उठले आणि घरी गेले.

मला वाटलं, लोक विसरतील. कसले विसरतात! पुढच्याच बाजारात रामराव काकांना बैल बघायला घेऊन गेले. काकांनी एका बैलावर हात ठेवून "सोड" म्हटलं, तसा विकणारा खवळला. "म्हाताऱ्या, आधी सोताच्या बैलाचा खांदा पाह्य! समद्या मुलखानं पाह्यलाय!" लोक हसले. रामरावही हसले, आणि त्यांनी तोच बैल घेतला.

त्यानंतर काका हरण्याला घेऊन रस्त्यात उभे राहायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याचा हात धरून खांद्यावर ठेवायचे. "पाह्य बरं, हाये का काही? बराबर पाह्य." लोक म्हणायचे, "न्हाई काका, काहीच न्हाई," आणि पुढं जाऊन हसायचे. ज्या माणसाचा शब्द बाजारात चालायचा, त्याला दारात साक्षीदार गोळा करावे लागले. माझ्यामुळे.

मला त्या कंपनीचं सर्टिफिकेट आलं. "स्थानिक लोकांशी उत्तम समन्वय." ते मी कुठंच दाखवलं नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी गेले त्यांच्या गोठ्यात. धीर गोळा करायला दोन दिवस लागले. काका हरण्याजवळ बसले होते. लोण्याची वाटी जमिनीवर होती, हळद कालवलेली. मी म्हटलं, "काका, चुकलं माझं. मी खोटं बोलले तुमच्याशी. भ्याले व्हते."

मी खाली वाकून वाटी उचलायला हात पुढं केला.

काकांनी वाटी चाचपडत शोधली आणि स्वतःकडे ओढून घेतली.

"तू ऱ्हाऊ दे, माय," ते म्हणाले. "तुझी खांदमळणी झाली."